क्लच दाबला तरी गाडी का सरकते? दीड मिलिमीटरचा हिशोब

मोटरसायकलवर सिग्नलला उभे आहात. क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर पडलेला, आणि तरी गाडी पुढच्या रिक्षाच्या दिशेने सरकते आहे. ब्रेक दाबून धरला तर इंजिनचा आवाज दबतो, कधी गाडी बंदच पडते. न्यूट्रल लावायला जाल तर पहिल्यातून थेट दुसरा पडतो, दुसऱ्यातून परत पहिला. मधला हिरवा दिवा काही लागत नाही. गॅरेजमध्ये याला ‘क्लच सुटत नाही’ म्हणतात, कुणी ‘क्लच चिकटतोय’ म्हणतं. त्यानंतर बहुतेक वेळा ठरलेलं वाक्य येतं: ‘प्लेटा गेल्या, सेट टाकावा लागेल.’

या वाक्याला आधी थोडं थांबवू या. प्लेटा म्हणजे क्लचच्या आतल्या चकत्या. त्या झिजल्या की क्लच घसरतो. म्हणजे ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर तर मुळीच दम धरत नाही. आपला आजार बरोबर उलटा आहे. इथे क्लच पकडायला कमी पडत नाही, सोडायला कमी पडतो. प्लेटा पातळ झाल्या म्हणून क्लच सुटेनासा झाला, असं सहसा होत नाही. तरीही दोन्ही आजारांवर एकच औषध दिलं जातं, आणि नवीन सेट टाकून गाडी पुन्हा तशीच सरकते तेव्हा मालक हताश होतो.

माझ्या मामांच्या बाबतीत हेच झालं. रत्नागिरीकडची 100 सीसीची गाडी, रोज बाजार ते घर एवढाच प्रवास. नवीन प्लेटा बसवल्या, ऑइल बदललं, आणि तिसऱ्या दिवशी मामांचा फोन: ‘अरे, न्यूट्रल अजून लागत नाही. देवळापाशी उतरताना गाडी बंद करूनच न्यूट्रल करतो मी.’ दोष शेवटी कुठे सापडला ते पुढे सांगतो. त्याआधी क्लचच्या आत काय चालतं ते बघू, कारण ते एकदा कळलं की दोष कुठे शोधायचा हे आपोआप कळतं.

बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. एक डबा असतो, त्याला मेकॅनिक हाउसिंग म्हणतात. तो इंजिनबरोबर सतत फिरतो. त्याच्या मधोमध एक हब असतो, तो गिअरबॉक्सला जोडलेला. या दोघांमध्ये चकत्यांची चळत असते. एक क्लच प्लेट, तिच्यावर घर्षणाचा थर. मग एक गुळगुळीत स्टील प्लेट. परत क्लच प्लेट, परत स्टील प्लेट. क्लच प्लेटांचे कान बाहेरच्या डब्याच्या खोबणींत अडकलेले, म्हणून त्या इंजिनबरोबर फिरतात. स्टील प्लेटांचे दात आतल्या हबमध्ये अडकलेले, म्हणून त्या गिअरबॉक्सबरोबर फिरतात. स्प्रिंगा ही सगळी चळत घट्ट दाबून ठेवतात, तेव्हा सगळं एकजीव होऊन फिरतं आणि चाकाला जोर मिळतो. क्लच दाबलात की स्प्रिंगांचा दाब उचलला जातो, चळत मोकळी होते, आणि इंजिन फिरत असलं तरी गिअरबॉक्स शांत उभा राहू शकतो.

आता खरा हिशोब. समजा पाच क्लच प्लेट आणि चार स्टील प्लेट आहेत. घासणाऱ्या जागा झाल्या दहा. तुम्ही लिव्हर पूर्ण ओढता तेव्हा बोटांपाशी तो सहा-सात सेंटिमीटर सरकतो, पण वायर ओढली जाते साधारण एक सेंटिमीटर, आणि आत चळतीवरचा दाब उचलला जातो जेमतेम दीड मिलिमीटर. हा दीड मिलिमीटर दहा जागांत वाटायचा आहे. म्हणजे प्रत्येक जागेला मिळतं 0.15 मिलिमीटर, दोन कागदांची जाडी असेल नसेल तेवढं. एवढ्याशा फटीत चकत्यांनी एकमेकींपासून सुटायचं असतं.

वाटेत कुणी अर्धा मिलिमीटर चोरला की हिशोब बिघडतो. हँडलपासून प्लेटांपर्यंत कुणी ना कुणी ही हालचाल खातंय, किंवा प्लेटा वाकड्या होऊन तेवढी फट त्यांना पुरेनाशी झाली आहे, एवढंच बहुतेक वेळा शोधायचं असतं. आणि शोध हँडलकडून आत जातो, इंजिनकडून बाहेर नाही. हँडलपाशी बघायला पाच मिनिटं आणि एक पाना लागतो. इंजिनचं झाकण उघडायचं तर ऑइल काढा, पॅकिंग नवीन आणा, अर्धा दिवस मोडा.

पण आधी आजार तोच आहे ना, याची खात्री करा. गाडी बंद करून, थोडी पुढे-मागे ढकलत न्यूट्रल लावून बघा. बंद गाडीत न्यूट्रल अलगद लागतं आणि चालू गाडीत लागत नाही, तर संशय क्लचवर. बंद असतानाही त्रास होत असेल तर दोष गिअर बदलण्याच्या यंत्रणेत असू शकतो, क्लचला उगाच दोष देऊ नका. दुसरी परीक्षा डबल स्टँडवर. गाडी गरम करा, क्लच दाबून पहिला गिअर टाका, क्लच दाबलेलाच ठेवा. मागचं चाक हळूहळू फिरेल. याने घाबरू नका. ऑइलच्या ओढीने ओल्या क्लचमध्ये चाक थोडं फिरतंच. आता मागचा ब्रेक हलकेच लावा. चाक निमूट थांबलं आणि इंजिनच्या आवाजात फरक पडला नाही, तर क्लच बरा आहे. आवाज खाली गेला किंवा इंजिन बंद पडलं, तर क्लच सुटत नाही हे नक्की. चाकाजवळ हात, ओढणी, लहान मूल काही येऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट बघून घ्या, आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग. लहान गाड्यांचं आयडलिंग साधारण 1,300 ते 1,500 आरपीएमच्या आसपास ठेवतात. ते कुणी वाढवून ठेवलं असेल तर चांगला क्लचही पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज करतो. कार्बोरेटरच्या गाडीत हे स्क्रूने कमी करता येतं. 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनच्या गाड्यांत आयडलिंग बहुधा संगणकाच्या ताब्यात असतं, त्यामुळे तिथे ते वाढलेलं दिसलं तर दुसरा काही बिघाड आहे.

आता हँडलपाशी या. लिव्हर सोडून ठेवा आणि एका बोटाने हलकेच ओढा. वायर ताणायला लागण्याआधी लिव्हर थोडा सैल हलतो, त्याला ‘प्ले’ म्हणतात. टोकापाशी मोजला तर बहुतेक गाड्यांत तो 10 ते 20 मिलिमीटर असावा; नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. प्ले जास्त असेल तर ओढण्यातला पहिला भाग वाया जातो आणि आपल्या दीड मिलिमीटरातला तुकडा तिथेच संपतो. अजिबात प्ले नसेल तर स्प्रिंगांचा दाब कायम थोडा उचललेला राहतो, क्लच घसरतो आणि जळतो. म्हणून ‘एकदम टाइट करून द्या’ असं मेकॅनिकला कधी सांगू नका. सरकणाऱ्या गाडीचं सरकणं थांबेल, पण प्लेटा जळायला लागतील.

समायोजन दोन ठिकाणी असतं. हँडलपाशी हाताने फिरवायचा गोल स्क्रू, आणि खाली इंजिनजवळ दोन नटांचं. वरचा स्क्रू पार बाहेर आलेला असेल तर त्याला आणखी फिरवू नका. तो आत घ्या, मोठं काम खालच्या नटांवर करा, आणि वरचा फक्त बारीक फरकासाठी राखून ठेवा.

यानंतर खाली बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी लिव्हर ओढायला सांगा. इंजिनवरचा तो छोटा दांडा, ज्याला वायर अडकवलेली असते, तो किती हलतो ते डोळ्यांनी बघा. मामांच्या गाडीचा दोष मला इथेच दिसला. लिव्हर हँडलला टेकत होता आणि खालचा दांडा नखाएवढाच हलत होता. मग उरलेली हालचाल गेली कुठे? हँडलखाली जिथे वायर वळते तिथे हात ठेवला, तर लिव्हर ओढताना वायरचं बाहेरचं आवरण दबून आखडत होतं. वरचं काळं प्लॅस्टिक शाबूत होतं, पण आत गुंडाळलेली स्टीलची तार कोकणातल्या पावसाने गंजून सैल झाली होती. ओढ दांड्यापर्यंत पोचण्याऐवजी आवरणच चेपलं जात होतं. नवीन वायर टाकली आणि न्यूट्रल लागायला लागलं. प्लेटांचे पैसे मात्र आधीच गेले होते. वायर प्लेटांच्या सेटपेक्षा कितीतरी स्वस्त असते, म्हणून मी हे इतकं लांबवून सांगतोय.

वायर तपासताना दोन्ही टोकांचे शिशाचे गुंडे आणि त्यांच्याजवळची तार बघा. एखादी बारीक तार जरी तुटून वर आलेली दिसली तर वायर बदलाच, कारण बाकीच्या तारा आता ताणून लांबणार आणि एक दिवस घाटात तुटणार. लिव्हरच्या पिनचं भोक लांबट झालं असेल तर तिथेही मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातात. लिव्हर वर-खाली हलवून बघितला की कळतं. वायरमध्ये ऑइल सोडायचं असेल तर आधी आत नायलॉनचं अस्तर आहे का ते विचारा. अस्तर असलेल्या वायरीत जाड ग्रीस भरलं तर धूळ धरून ती उलट जड होते. आणि वायरची वाट बघा. हेडलाइटची फ्रेम काढून बसवताना ती चुकीच्या बाजूने गेली तर हँडल एका बाजूला वळवल्यावर क्लचचा प्ले बदलतो. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे करून प्ले मोजला की हे पकडता येतं.

मोठ्या गाड्यांत आणि काही एटीव्हींत, म्हणजे खडबडीत रानवाटांवरच्या चारचाकी बाइकींत, वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच असतो. तिथे आवरण चेपत नाही, पण पाइपमध्ये हवा शिरली की तेच होतं: लिव्हर मऊ लागतो, आणि ओढ प्लेटांपर्यंत पोचण्याऐवजी हवा दाबण्यात संपते. हवा काढावी लागते. आणि क्लचच्या तेलाच्या छोट्या टाकीच्या झाकणावर जे तेल लिहिलेलं असेल तेच भरायचं, कारण काही गाड्यांत ब्रेक ऑइल चालतं आणि काहींत खनिज तेल, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबर खराब होतात.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर ऑइलकडे वळा. ओल्या दोन स्टीलच्या ताटल्या एकावर एक ठेवून बघा, सुटता सुटत नाहीत. थंड, जाड ऑइलमध्ये क्लचच्या प्लेटांचं तेच होतं. सकाळी पहिला गिअर खाडकन पडतो आणि किलोमीटरभर गेल्यावर सगळं सुरळीत होतं, तर बहुतेक वेळा दोष ऑइलचा किंवा रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटांचा असतो. पुस्तिकेत 10डब्ल्यू-30 लिहिलं असताना कुणी त्याहून जाड 20डब्ल्यू-50 भरलं असेल तर थंडीत हा त्रास वाढतो. ऑइल जास्त भरलं तरी वाढतो. गाडी सरळ उभी करून डिपस्टिक किंवा काच बघा. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ असं लिहिलेलं असायला हवं. ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीची ती खूण आहे. ‘एमबी’ स्कूटरसाठी असतं. चारचाकीचं निसरडं ऑइल भरलं तर क्लच सुटेल छान, पण मग पकडायचा नाही.

दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं वेगळं. तिच्या प्लेटा चिकटून बसलेल्या असतात. जुनी कास्ट आयर्नची बुलेट वापरणाऱ्यांना ही सवय ठाऊक आहे: सकाळी गाडी सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किका मारायच्या, म्हणजे प्लेटा सुटतात. त्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे होते, क्लच डावीकडच्या प्रायमरी केसमध्ये आणि तो उचलणारी सळई गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या पोटातून गेलेली. आजच्या गाड्यांत किक कुठे जोडली आहे त्यावर ही युक्ती चालते की नाही ते ठरतं. तिथे इंजिन गरम करून, मोकळ्या जागेत, क्लच दाबून हळू ब्रेक लावत गाडी चालवली की प्लेटा बहुधा सुटतात.

गाडी थंड असताना चांगली आणि गरम झाली की सरकते, तर मात्र मला आतल्या स्टील प्लेटांचा संशय येतो. घाटात ट्रकच्या मागे अर्धा क्लच धरून चढलेली गाडी, सिग्नलला क्लच दाबून गिअरमध्ये ठेवलेली गाडी, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर तोलून धरलेली गाडी, या सगळ्यांत प्लेटा तापतात. स्टीलची पातळ चकती तापून किंचित वाकली की तिचा वाक फट खातो. आपल्याला प्रत्येक जागेला मिळालं होतं 0.15 मिलिमीटर, आणि बऱ्याच कंपन्या स्टील प्लेटचा 0.2 किंवा 0.3 मिलिमीटरपर्यंतचा वाक चालवून घेतात. त्यापलीकडे गेलेली एक प्लेटही पुरेशी आहे.

आता झाकण उघडायची वेळ आली. ऑइल काढा, किक किंवा फूटरेस्ट आड येत असेल तर सोडवा, बोल्ट ज्या जागेचा त्या जागी ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्यातच बोल्ट खोचून ठेवण्याची युक्ती मी कधी सोडलेली नाही. स्प्रिंगांचे बोल्ट एकेक करून पूर्ण काढू नका, आळीपाळीने थोडे-थोडे सैल करा. काही गाड्यांत हबचा मधला चार खाचांचा नट काढल्याशिवाय प्लेटा निघत नाहीत. त्याचा खास पाना मिळतो, तो आणा. छिन्नी-हातोड्याने ठोकलेले नट मी बरेच बघितले आहेत. खाच तुटते, आणि तुटलेला कण ऑइलमध्ये फिरत राहतो.

प्लेटा ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. स्टील प्लेट पुसून सपाट जाड काचेवर ठेवा, आणि कडेने फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, सरकवा. 0.2 ची पट्टी खाली शिरली तर पुस्तिकेतली मर्यादा बघा आणि शंका असेल तर बदला. निळ्या-जांभळ्या डागांची प्लेट तापलेली आहे, तिला आधी मोजा. क्लच प्लेटेची जाडीही मोजा, पण ती कमी भरली तर तो घसरण्याचा दोष, हे लक्षात ठेवा.

मग डब्याकडे बघा, आणि इथे घाई करू नका. हाउसिंगच्या बोटांवर, म्हणजे खोबणींच्या मधल्या पट्ट्यांवर, बॅटरी मारून नखाने घासून बघा. इंजिनच्या प्रत्येक धक्क्याला क्लच प्लेटचे कान या ॲल्युमिनियमच्या बोटांवर आपटत असतात. हजारो किलोमीटरनंतर तिथे खाचा पडतात. दाब उचलला की प्लेटने बोटावरून सरकून सुटायचं असतं, पण कान खाचेत बसला की ती तिथेच अडते, कपाटाचा जुना खण मध्येच अडतो तशी. अशा डब्यात नवीन प्लेटा टाकल्या तरी काही उपयोग नाही. नवीन कान जुन्याच खाचांत जाऊन बसतात. सेट बदलूनही दोष राहिला, तर तो इथे असण्याची शक्यता मोठी. खाचा उथळ असतील तर बारीक कानसीने सगळी बोटं सारखीच, थोडीशी, सपाट करा, आणि चुरा ऑइलमध्ये जाऊ देऊ नका. खोल असतील तर कानसीने फट वाढते, कान आणखी जोरात आपटतात आणि काही महिन्यांत दुप्पट खोल खाचा पडतात. तेव्हा डबाच बदलावा लागतो. हे महाग काम आहे, तरी मी दुसरं काही सुचवणार नाही. हबच्या दातांवरही अशाच खाचा शोधा.

स्प्रिंगा एका ओळीत उभ्या करा. एखादी आखूड असेल तर दाब तिरका उचलला जातो, एका बाजूला प्लेटा सुटतात आणि दुसऱ्या बाजूला घासत राहतात. स्प्रिंगा नेहमी सगळ्या एकदम बदलायच्या. दाब उचलणारं बेअरिंग बोटाने फिरवून बघा, खरखरत असेल तर बदला. क्लच दाबल्यावरच येणारा सूऽऽ आवाज बहुधा याचाच. ढकलणाऱ्या सळईचं टोक ठोकून चपटं झालं असेल, तर तिथेही अर्धा मिलिमीटर गेलेला असतो. बऱ्याच 100 ते 150 सीसी गाड्यांत याच झाकणाखाली इंजिनच्या शाफ्टवर ऑइल गाळणारी वाटी असते. उघडलंच आहे तर तिच्यातला काळा गाळ काढून टाका.

बसवताना नवीन क्लच प्लेटा आधी इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या घालू नका. स्टील प्लेटांची एक कड गोलसर आणि दुसरी धारदार असते, त्या सगळ्या एकाच दिशेला ठेवा. प्लेटांची संख्या मोजा. दुकानात कधी एक जास्त जाडीची प्लेट मिळते, चळत जाड होते आणि कोरा करकरीत क्लच सुटेनासा होतो. स्प्रिंगांचे लहान बोल्ट समोरासमोर, आळीपाळीने, टॉर्क पान्याने आवळा. ते साधारण 10 ते 12 न्यूटन मीटरचेच असतात आणि अंगातल्या जोराने सहज तुटतात.

एटीव्हीबद्दल थोडंसं. बऱ्याच एटीव्हींना हाताचा क्लच नसतो. शाफ्टवर सेंट्रिफ्युगल क्लच असतो, जो वेग वाढला की बाहेर फेकला जाऊन पकडतो. तिथे गाडी उभ्या जागी सरकत असेल तर पहिला संशय वाढलेल्या आयडलिंगवर, दुसरा त्या क्लचच्या मोडलेल्या किंवा ढिल्या झालेल्या छोट्या स्प्रिंगांवर. पायाने गिअर बदलणाऱ्यांत आणखी एक प्लेटांचा क्लच गिअर पेडलला जोडलेला असतो, आणि त्याचं समायोजन बाहेरच्या झाकणावर लॉक नटखालच्या स्क्रूने होतं. तो किती फिरवायचा हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्या.

झाकण लावल्यावर ऑइल भरा, प्ले मोजा, डबल स्टँडची परीक्षा पुन्हा करा. नवीन प्लेटा टाकल्या असतील तर पहिल्या आठवड्यात त्या थोड्या बसतात आणि लिव्हरचा प्ले बदलतो. आठ दिवसांनी बोटाने लिव्हर हलवून तो एकदा परत मोजा.